पऱ्हाट्यांखाली

काबरीवर आळ होता.
दीड महिना अंडं नाही, दाणे मात्र दोघींचे खाते.
भाऊ म्हणाला, सुरतेचा पाहुणा आलाय,
रविवारी मसाला वाटा.
सुरतेचा पाहुणा म्हणजे मी.

शनिवारी चुलीसाठी पऱ्हाट्या ओढताना
भुऱ्याचा हात ढिगात गेला आणि तसाच राहिला.
"काका, आठे काहीतरी गुयगुयीत शे."
मोजत मोजत सतरा.
बेटावदचं ऊन शेचाळीसवर,
आणि काबरी कुंपणावर बसून
वकील न मिळालेल्या माणसासारखी
कधी याच्याकडे बघे, कधी त्याच्याकडे.

आता कोणतं कालचं, कोणतं आखाजीच्या आधीचं?
कवचावर तारीख नसते.
मी एक कानाशी धरून हलवलं.
आत कुणीतरी चूळ भरत होतं.
हळूच, फार हळूच,
मी ते खाली ठेवलं.

द्वारकावहिनीने बादली भरली, पदर खोचला.
"डुबनं ते आपलं," म्हणाली,
"तरंगनं ते मातीनं."

पहिलं थेट तळाला जाऊन आडवं झालं,
जेवून ओसरीत लवंडावं तसं.
दुसरंही.
तिसरं तळाशीच, पण टोकावर उभं,
थांबू की निघू करत.
"हाई म्हातारं शे, पन मरेल नही. उकडी लेसूत."
चौथं वर आलं.
पाण्याबाहेर टक्कल काढून सावकाश फिरू लागलं,
गावात आपल्याला सगळे ओळखतात अशा थाटात.

पाच आडवी, चार उभी, आठ तरंगती.
उभ्या चौघांना वहिनीने धान्याच्या खोलीत नेलं,
मुठीत धरून मागून माझ्या मोबाईलचा उजेड लावला.
वरच्या टोकाला पोकळी, खाली तांबूस धुकं.
"दिसनं का?" तिने विचारलं.
मला तिच्या बोटांची हाडं दिसत होती,
लालसर,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
दिसलं म्हणालो.

तेवढ्यात बाहेर भुऱ्याच्या हातून
तरंगत्यांपैकी एक ओट्यावर सुटलं.
बार झाला.
म्हशीने दावं ताणलं.
समोरच्या उखाअण्णांनी आधी खिडकी लावली, मग दार,
मग आतून विचारलं, कोण गेलं?
राख टाकली, माती टाकली, लिंबू चोळलं, पुन्हा राख.
भुऱ्या रात्री जेवताना
डावा हात पाठीमागे धरून बसला होता.

सहा अंडी लिंबाच्या बुडाशी पुरली.
खड्डा मीच खणला, कोपरभर खोल,
कुत्र्याचा जीव कंटाळेल इतका.
वर दगड.
वहिनी म्हणाली, पुढच्या वर्षी लिंबं बघजो.

आठवं तिने ठेवून घेतलं.
तव्याखालचं काजळ बोटावर घेऊन
त्याच्यावर एक जाड फुली काढली
आणि परत पऱ्हाट्यांत नेऊन ठेवलं,
त्याच खळग्यात, त्याच कुशीवर.
मी म्हटलं, हे तर नासलेलं.
"तिले कोठे माहीत? तिले इतलंच दिसाले पाह्यजे,
घर रिकामं नही."

रविवारी अंड्यांचाच रस्सा झाला.
वहिनीने प्रत्येक आधी वाटीत फोडलं,
वास घेतला, मग पातेल्यात.
काबरी पायांत घोटाळत होती,
भाकरीचा चुरा टिपत होती.
तिची कुणी माफी मागितली नाही.
तिनेही विषय काढला नाही.

सोमवारी पहाटे मी गाडीसाठी निघालो.
अंधारात बूट शोधताना
ओट्याखाली हाताला चप्पल लागली,
माझीच, चार वर्षांपूर्वीची,
अंगठा तुटलेली.
कुणी टाकून दिली नव्हती.
मी ती होती तशीच आत सरकवली.
ढिगाकडून काबरीचा आवाज आला,
एकदाच,
झोपेतला.